सांजवी घोडी आणि पाठमोरा राजा

एका राज्यात मीठ यायचं ते घोड्यांच्या पाठीवरून. नुसतं मीठच नव्हे. औषधं येत, लोखंड येई, परमुलखातल्या सुना येत, आणि माहेराला निघालेल्या लेकी जात त्याही घोड्यांवरूनच. कारण त्या राज्याला तीन बाजूंनी डोंगर होते, भिंतीसारखे उभे, आणि चौथ्या बाजूला होता चिखल. साधासुधा चिखल नव्हे बरं. वरून हिरवंगार कुरण, आणि खाली तळच नाही. गाडी गेली तर गाडी गडप, हत्ती गेला तर हत्ती गडप. लोक त्याला गिळणी म्हणत.

गिळणीवरून चालत जात ते फक्त धूम्री घोडे. धुराच्या रंगाचे, बुटके, रुंद खुरांचे. दिसायला काही देखणे नव्हेत. परका सोयरा पाहून म्हणे, हे तुमचे राजघोडे? पण धूम्री नाक खाली घालून गवताचा वास घेई, मग पाऊल टाकी, आणि त्या पावलापुरता चिखल दगडासारखा घट्ट होई. का होई ते विचारू नये. होई, एवढं खरं.

त्या राज्यावर धैर्यसेन नावाचा राजा होता. आता नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातलीच गत. राजा मनाचा चांगला, न्यायाला चोख, पण जीव मुठीएवढा. दाराला कडी लावून अंथरुणावर पडला की पुन्हा उठून कडी पाहून येई. मग राणीला विचारी, "कडी लागली ना?" राणी ललितांगी म्हणे, "लागली आहे, महाराज. आता डोळे मिटा." तो डोळे मिटी, आणि मिटल्या डोळ्यांनी कडीचाच विचार करी.

पण धूम्रींच्या बाबतीत त्याची काळजी उगीच नव्हती. त्याच्या पणजोबांच्या काळापासून राज्यावर एक अरिष्ट आलं होतं. धूम्री घोडी व्याली की शिंगरू बाहेर येई, ओलं, थरथरतं. एकवार कान झटकी. आणि सगळ्यांच्या देखत त्याचं धुकं होई, आणि ते धुकं पागेच्या दारातून निघून गिळणीवर जाऊन पसरे. घोडी त्याच्यामागे दारापर्यंत धावे, आणि गळ्यातल्या साखळीचा हिसका बसला की तिथेच उभी राही.

पहिलं शिंगरू गेलं तेव्हा पणजोबांनी पागेवर पहारा बसवला. दुसरं गेलं तेव्हा पहारा दुप्पट केला. आजोबांनी खांबाखांबाला दिवे लावले, की कुठे काळोखाचा कोपरा राहू नये. वडिलांनी ज्योतिषी आणले, शंख आणले, नगारे आणले. घोडीला वेणा सुरू झाल्या की अख्खा दरबार पागेत गोळा व्हायचा आणि डोळ्यांची पापणी न हलवता पाहत राहायचा. धैर्यसेनानं तर कमाल केली. त्यानं सिंहासनच उचलून पागेत आणून ठेवलं. इतकं करूनही शिंगरं जातच राहिली, आणि शंभर शंभर वर्षं जगणारे म्हातारे घोडेही एकेक करून मरत राहिले. दरवर्षी गिळणीवरचं धुकं मात्र दाट होत गेलं.

शेवटी उरली एकटी सांजवी. मागल्या उन्हाळ्यात शेवटचा घोडा म्हातारपणानं गेला, पण जाताना सांजवीच्या पोटी आशा ठेवून गेला. तिचे दिवस भरत आले होते. हे शिंगरू गेलं की धूम्रींचा वंश बुडाला. वंश बुडाला की गिळणी ओलांडणारं कोणी उरलं नाही, आणि राज्य म्हणजे झाकण लावलेला डबा. आत्ताच घराघरांतून मिठाच्या बरण्या खरवडल्या जात होत्या. राजाच्या ताटात आमटी अळणी येई. तो मुकाट्यानं जेवे, हात धुई, आणि पुन्हा पागेत जाऊन बसे.

सांजवी त्याच्याकडे पाहत नसे. खिडकीतून नाक बाहेर काढून ती दिवसभर धुक्याकडे पाहत राही.

एके सकाळी गव्हाणीच्या काठावर एक टिटवी येऊन बसली. राजाकडे तिनं मान तिरकी करून पाहिलं.

"राजा," ती म्हणाली, "तू असा टक लावून बसलास, तर हेही जाईल."

"तू कोण?"

"टिटवी. गिळणीच्या काठी राहते. तुझ्या घरच्या धुक्यानं माझं अंगण ओलं राहतं."

"मग काय करू? उठून जाऊ?"

"भृंगनाथाला जाऊन विचार. धूम्रींची पहिली जोडी त्यानंच दिली होती."

"तो मांत्रिक अजून जिवंत आहे?"

"मांत्रिकांना मरायला सवड कुठली," टिटवी म्हणाली.

राजा उठला, बसला, पुन्हा उठला. राणी दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "मी येईपर्यंत हिच्यावर नजर ठेव."

"मी तिला चारा घालीन, महाराज," राणी म्हणाली.

गिळणीच्या कडेनं एक कोरडा बांध जातो. टिटवी पुढे, राजा मागे. चालता चालता तो सारखा मागे वळून पागेचं छप्पर पाही, आणि तेवढ्यात त्याचा पाय चिखलात जाई. बांध संपला तिथे लव्हाळ्याचं बेट होतं, आणि बेटात एक म्हातारा चटई विणत बसला होता. पांढऱ्या भुवया डोळ्यांवर आलेल्या, बोटं काळीभोर.

"तुझा पणजोबा येईल असं वाटलं होतं," भृंगनाथ वर न पाहता म्हणाला. "बराच उशीर केलात."

राजानं हात जोडले. "आमचं काय चुकलं, ते सांगा."

"जोडी देताना मी एकच अट घातली होती. घोडी व्यायला झाली की तिला मोकळी सोडायची. ती आपली लव्हाळ्यात जाईल. माणसानं पाठ फिरवायची. तुझ्या पणजोबानं मान वळवून पाहिलं."

"का पाहिलं?"

"लांडगा येईल अशी भीती वाटली म्हणे. मला राग आला. माणसाची नजर ज्या शिंगरावर पडेल त्याचं धुकं होवो, असं बोलून गेलो. बोललेला शाप मागे घेता येत नाही."

राजा म्हणाला, "पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"आपली चूक घरी कोण सांगतो? त्यानं पहारा वाढवला. पहारा वाढवला की चूक झाकते."

राजाला दिवे आठवले, नगारे आठवले, सिंहासन आठवलं. जितकी शिंगरं त्याच्यासमोर विरली होती, तितकी त्यानंच, डोळे फाडफाडून, नाहीशी केली होती. त्याला रडू आलं, आणि तो तिथंच लव्हाळ्यात बसून रडला. म्हाताऱ्यानं त्याला रडू दिलं आणि चटईची एक ओळ पुरी केली.

"आता कळलं," राजा डोळे पुसून म्हणाला. "मी जातो आणि पाठ फिरवतो."

"कळतं सगळ्यांना, वळत नाही," भृंगनाथ म्हणाला. "शाप सुटायची वाट एकच. ज्या घराण्यानं पाहिलं, त्या घराण्याच्या राजानं जीव टांगणीला लागला असताना न पाहता राहायचं. डोळ्यांना पट्टी बांधलेली चालत नाही. पट्टी बांधून कोणालाही आंधळं होता येतं. तुला तीन संधी देतो. तीनांतली एक साधलीस तरी पुरे."

पहिलं काम. त्यानं राजाच्या हातात एक मडकं दिलं. "यात राखेखाली निखारा आहे. माझ्या चुलीचा हा शेवटचा विस्तव. बेटाला एक फेरी घालून ये. राख हलवू नकोस. विझला तर मी आज उपाशी."

काम ते केवढं! राजा निघाला. थोडं चाललं की मडक्याला हात लावून पाही, कोमट लागे. आणखी थोडं चालला, तर मडकं गार वाटायला लागलं. म्हातारा उपाशी राहील. विस्तव विझला असेल तर? त्यानं एक काडी घेतली आणि राख जराशी, अगदी जराशी बाजूला केली. निखारा लालबुंद होता. राजाला हायसं वाटलं. पुढच्या वळणावर त्यानं पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या पुढच्याही. राखेखालचा निखारा उकरला की संपला, हे चूल पेटवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. पण राजाच्या घरी चूल दुसरेच पेटवतात. परत आला तेव्हा मडक्यात गार राख होती.

भृंगनाथानं मडकं उपडं केलं. त्या दिवशी त्यानं कच्चे कंद खाल्ले.

दुसरं काम. "टिटवीची अंडी आहेत बांधावर," तो म्हणाला. "ती चरून येईपर्यंत तू अंडी जपायची."

टिटवी काही घरटं बांधत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. उघड्या जमिनीवर, खड्यांत, खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी. टिटवीनं राजाला ती दाखवली आणि म्हणाली, "राजा, लांब जाऊन बस. इकडे पाहू नकोस." आणि ती उडून गेली.

राजा लांब जाऊन बसला. पण उघड्यावर पडलेली अंडी ती, ना आडोसा ना कुंपण! त्याच्यानं राहवेना. तो थोडा जवळ आला. मग आणखी जवळ. शेवटी तलवार उपसून अंड्यांपाशीच उभा राहिला, आणि अंडी जागेवर आहेत ना म्हणून खाली पाहत राहिला.

लव्हाळ्यातून एक कोल्हा जात होता. त्याला अंडी कधीच दिसली नसती. त्याला दिसला राजा. इतका मोठा माणूस तलवार घेऊन जमिनीकडे पाहत उभा आहे, म्हणजे तिथं काहीतरी खाण्यासारखं असणार, एवढी अक्कल कोल्ह्याला असते. तो गवतातून सरपटत आला. राजानं तलवार फिरवली ती वाऱ्यावर. कोल्ह्यानं एक अंडं उचललं आणि पसार झाला.

टिटवी परत आली. तिनं अंडी पाहिली आणि तीनच उरली आहेत हे तिला कळलं. मग ती ओरडली, आणि तो ओरडा राजानं जन्मात विसरू नये असा होता.

"मी जपत होतो," राजा म्हणाला.

"मी त्यांच्यापासून चालत दूर जाते," टिटवी म्हणाली. "चार पावलं टाकताना माझा जीव चारदा जातो. पण मी जाते, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. तुला वाटलं, मला काळजी नाही?"

"तुझं अंडं भृंगनाथ परत देतील का?"

"नाही. गेलं ते गेलं. तू आता घरी जा."

तिसरं काम काय ते राजानं विचारलं नाही. ते पागेत उभं होतं. तो बांधावरून पळत सुटला, आणि या वेळी मात्र पाय चिखलात न जाता घरी पोचला.

पागेत पोचतो तो काय, सांजवीच्या कासेत दूध उतरलेलं, शेपटी हलते आहे, आणि ती गोल गोल फिरते आहे. भर दुपार होती. दरबार जमला होता. नगारे तापवून ठेवले होते, ज्योतिषी घटिकापात्राशी बसले होते, आणि सगळे डोळे घोडीवर.

"सगळ्यांनी बाहेर व्हावं," राजा म्हणाला.

प्रधान पुढे आला. "महाराज, पणजोबांपासूनची रीत आहे."

"म्हणूनच."

"निदान मी एकटा थांबतो. राजानं पाहू नये असं असेल, तर प्रधानानं पाहायला काय हरकत?"

"प्रधानजी, आपणही."

राजानं आपल्या हातांनी सांजवीच्या गळ्यातली रुप्याची साखळी सोडली. कडी निसटायला थोडा वेळ लागला. पागेचं दार उघडलं. सांजवी दारात थबकली, साखळीचा हिसका बसेल या सवयीनं. बसला नाही. मग ती उतारावरून लव्हाळ्याकडे चालायला लागली. अख्ख्या नगरात दवंडी गेली: गिळणीकडे कोणी पाहू नये. आणि काय सांगावं, लोकांनी मिठाची आण घेतली आणि सगळं राज्य पाठमोरं उभं राहिलं. तटावरचे शिपाई आतल्या बाजूला तोंड करून उभे. विहिरीवरच्या बाया भिंतीकडे पाहत उभ्या. पाळण्यातल्या पोरांचे पाळणेसुद्धा फिरवले होते.

राजा लव्हाळ्याच्या सगळ्यांत जवळ, उतारावर, पाठ करून बसला. राणी शेजारी येऊन बसली आणि तिनं पावट्याच्या शेंगांची परडी दोघांमध्ये ठेवली.

"हे काय?"

"हात रिकामे असले की मान वळते. सोला."

"मला भीती वाटते, ललितांगी."

"मलाही वाटते," राणी म्हणाली. "म्हणून तर शेंगा आणल्या."

राजा पावटे सोलू लागला. मागे लव्हाळं सळसळलं. सांजवी खाली बसल्याचा आवाज आला. मग ती कण्हली. राजानं शेंग सोलली, दाणे जमिनीवर टाकले आणि टरफल परडीत. राणीनं दाणे वेचले. सांजवी पुन्हा कण्हली, लांब, खोलवर. पाहिलं तर जाईल. न पाहिलं तर? ती एकटी आहे, वय झालेली आहे, शिंगरू आडवं आलं असेल तर? राजाच्या मानेतली शीर दोरीसारखी ताणली होती. घामाचा थेंब नाकावरून शेंगेवर पडला.

तेवढ्यात समोरून कोल्हा आला.

तोच तो. राजानं त्याला ओळखलं. कोल्ह्यानं राजाकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली, आणि त्यांना वळसा घालून सावकाश त्यांच्या मागच्या बाजूला, लव्हाळ्याकडे निघून गेला.

राजाचा हात तलवारीवर गेला. तो अर्धा उठला. वळलो तर शिंगराचं धुकं होईल, न वळलो तर कोल्हा त्याला फाडील, आणि दोन्हीकडून वंश बुडेल. पणजोबांनाही असंच वाटलं असेल. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या म्हाताऱ्याची कीव आली. मग त्याला ठिपक्यांचं अंडं आठवलं, आणि आपण त्याच्यावर ओणवे उभे होतो ते आठवलं.

राणीनं त्याला धरलं नाही. ती नुसती शेंगा सोलत राहिली.

राजा खाली बसला. त्यानं तलवार म्यानासकट समोर फेकून दिली. परडीत हात घातला, शेंग घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेंग दिसत नव्हती. तो चाचपून सोलत राहिला.

मागे धाडकन आवाज झाला. कोल्हा केकाटला, आणि मग तीन पायांवर लंगडत, शेपूट पोटाशी घालून, राजाच्या समोरून डोंगराकडे पळाला. वेणा देणाऱ्या घोडीची लाथ ती.

त्यानंतर काहीच नाही. कण्हणं नाही, सळसळ नाही, श्वासही नाही. कोल्ह्याची भीती सोसवली, पण ही शांतता राजाला सोसवेना. सांजवी मेली असेल. दोघंही मेली असतील. परडीतल्या शेंगा संपल्या. राजानं सोललेली टरफलं पुन्हा सोलायला घेतली.

मग त्याच्या मानेवर काहीतरी ओलं लागलं. ओलं, गरम आणि मऊ. त्या ओल्या गोष्टीनं त्याचा कान चाटला, केस चघळून पाहिले, आणि त्याच्या खांद्यावरून मान घालून पावट्याचं एक टरफल तोंडात घेतलं.

राजा हलला नाही. टिटवी बाजूला येऊन उतरली होती. त्यानं ओठ न हलवता विचारलं, "आता पाहू का?"

"ते तुझ्याकडे मघापासून पाहतं आहे," टिटवी म्हणाली. "आता पाहायला हरकत नाही."

राजानं मान वळवली. धुराच्या रंगाचं शिंगरू, रुंद खुरांचं, चारी पाय चार दिशांना. त्यानं एकवार कान झटकला. राजाचा श्वास थांबला. शिंगरानं दुसराही कान झटकला, आणि होतं तिथंच उभं राहिलं. त्याच्यामागे सांजवी उभी होती, चिखलानं माखलेली, आणि ती गिळणीकडे तोंड करून खिंकाळली.

तेव्हा गिळणीवरचं धुकं हललं. कडेचं धुकं गोळा झालं, त्याला कान फुटले, पाय फुटले, आणि एक ओलं शिंगरू गवतावर उतरलं. त्याच्यामागे दुसरं. मग दहा, मग मोजता येईनात इतकी. वडिलांच्या वेळची, आजोबांच्या वेळची, पणजोबांनी मान वळवून पाहिलेलं ते पहिलंवहिलंसुद्धा. सगळी जन्मली त्या घटकेइतकीच लहान. धडपडत, गवताचा वास घेत ती उतारावर आली, आणि पाठीमागे गिळणी पैलतीरापर्यंत स्वच्छ, उन्हात हिरवीगार दिसू लागली.

"पाहा," राजानं सगळ्या राज्याला हाक दिली. "आता पाहा."

लोक वळले आणि पाहतच राहिले. पहिला बोलला तो राजाच.

"ललितांगी," तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "आई एक आणि लेकरं एवढी. यांना दूध कुठून आणायचं?"

राणी हसली. त्या संध्याकाळी नगरातल्या सगळ्या गाई-शेळ्या उतारावर आल्या आणि घराघरांतल्या बाया बोटं दुधात बुडवून शिंगरांना चोखायला देत बसल्या. शिंगरं वाढली. यथावकाश मीठ आलं, सुना आल्या, लेकी माहेरी गेल्या. भृंगनाथाला राजानं स्वतः विस्तव नेऊन दिला, राखेखाली, वाटेत एकदाही न उकरता.

टिटवीच्या तीन अंड्यांतून तीन पिल्लं निघाली. चौथ्याची जागा बांधावर तशीच आहे, आणि राजा तिथून जाताना नजर खाली घालून बाजूनं जातो.

अजूनही त्या राज्यात धूम्री घोडी व्यायला निघाली की नगारे वाजत नाहीत. सारं राज्य पाठ फिरवून बसतं आणि पावटे सोलतं. राजा सगळ्यांत जास्त सोलतो. भीती काही गेली नाही त्याची, ती जायचीही नाही. तो आता भीत भीतच पाठ फिरवतो.

धूम्रींचे खूर पैलतीरी, आणि आपली कथा आपल्या घरी.